जिंकल्यानंतरची लढाई

अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेल्या सेनापतीचे पुतळे शंभर-सव्वाशे वर्षं दक्षिणेतल्या चौकाचौकांत दिमाखाने उभे होते, आणि जिंकलेल्या सेनापतीच्या नावाला ‘दारुडा’ आणि ‘कसाई’ ही विशेषणं चिकटून राहिली. हरलेला रॉबर्ट ली, जिंकलेला युलिसिस ग्रँट. ग्रँटला लोक अगदीच विसरले असं नाही. न्यूयॉर्कला त्याची भव्य समाधी आहे, पन्नास डॉलरच्या नोटेवर त्याची तसबीर आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून शिकवला गेलेला ग्रँट वेगळा होता : माणसांची पर्वा न करता फौज आगीत लोटणारा, निव्वळ संख्याबळावर जिंकलेला आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर भ्रष्ट गोतावळ्यात अडकलेला. ली मात्र सज्जन, खानदानी आणि दुर्दैवी.

जेत्याच्या वाट्याला अशी अपकीर्ती का यावी? ग्रँटच्या दारूचा किंवा त्याच्या रणनीतीचा या अपकीर्तीशी फारसा संबंध नव्हता, असं माझं मत आहे. युद्ध जिंकून तो थांबला असता तर दक्षिणेने त्याला केव्हाच माफ केलं असतं. तो थांबला नाही. ज्या प्रश्नासाठी सहा लाखांहून अधिक माणसं मेली तो प्रश्न शरणागतीच्या कागदाने सुटलेला नाही हे त्याने ओळखलं आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याने मुक्त झालेल्या गुलामांच्या मतपेटीला लष्कराचं आणि कायद्याचं संरक्षण दिलं. त्याच्यावर सूड उगवला गेला तो याबद्दल. आणि तो खरोखर कुठे कमी पडला हे पाहायचं तर तेही याच कामात पाहायला हवं.

त्याचा जन्म २७ एप्रिल १८२२ चा, ओहायो राज्यातल्या पॉइंट प्लेझंट या खेड्यातला. बाप जेसी कातडी कमावण्याच्या धंद्यात होता आणि गुलामगिरीचा कडवा विरोधक होता. मुलाला त्या धंद्याची मनस्वी शिसारी. रक्त त्याला बघवत नसे. पुढे आयुष्यभर मांस खायचं तर ते पार करपवलेलंच लागे. जीव होता तो घोड्यांवर. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात त्याचं नाव घालताना खासदाराने चूक केली आणि हायरम युलिसिस ग्रँटचा युलिसिस एस. ग्रँट झाला, तो कायमचाच. १८४३ साली एकोणचाळीस जणांत एकविसावा येऊन तो बाहेर पडला. मेक्सिकोच्या युद्धात शौर्य दाखवलं, पण त्या युद्धाबद्दल त्याचं मत शेवटपर्यंत वाईट राहिलं. बलाढ्य राष्ट्राने दुबळ्या राष्ट्रावर लादलेला तो घोर अन्याय होता असं त्याने आत्मचरित्रात निःसंदिग्ध लिहून ठेवलं आहे. लग्न केलं ज्यूलिया डेंटशी, मिसूरीतल्या एका गुलाममालकाच्या मुलीशी. जेसी त्या लग्नाला गेला नाही.

१८५४ मध्ये, दूर कॅलिफोर्नियातल्या फोर्ट हंबोल्टवर एकटेपणाने पिचलेल्या कॅप्टन ग्रँटने राजीनामा दिला. दारूची कुजबुज तेव्हापासूनची. दारू त्याला सोसत नसे आणि कुटुंबापासून दूर असताना ती त्याच्यावर मात करी, एवढं म्हणायला आधार आहे. एखादी मोठी लढाई त्याने नशेत लढवली असं म्हणायला नाही. पुढची सात वर्षं हलाखीची गेली. सेंट लुईसजवळ सासऱ्याच्या जमिनीवर शेती केली, स्वतः लाकडं फोडून शहरात विकली, आणि १८५७ च्या मंदीत नाताळाच्या तोंडावर आपलं सोन्याचं घड्याळ बावीस डॉलरला गहाण टाकलं.

या काळातली एक नोंद मला घड्याळापेक्षा महत्त्वाची वाटते. सासऱ्याकडून विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम ग्रँटच्या मालकीचा झाला होता. मार्च १८५९ मध्ये, पैशापैशाला मोताद असताना, ग्रँट सेंट लुईसच्या कोर्टात गेला आणि जोन्सला मुक्त केल्याचा कागद त्याने लिहून दिला. बाजारात त्या धडधाकट माणसाचे शेकडो डॉलर सहज मिळाले असते. ग्रँट तेव्हा गुलामगिरीविरोधी चळवळीत नव्हता. सासऱ्याच्या गुलामांबरोबर शेतात राबताना त्याने काही बंडही केलं नव्हतं. २०२० च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधला त्याचा पुतळा निदर्शकांनी पाडला तो या मालकीच्याच कारणाने. ती मालकी खरी होती आणि ती झाकू नये. पण कोर्टातला कागदही तितकाच खरा आहे, आणि पुतळा पाडणाऱ्यांनी तो वाचायला हवा होता असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

युद्ध पेटलं तेव्हा तो एकोणचाळिशीत होता आणि इलिनॉयमधल्या गलीना गावी बापाच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली काम करत होता. तीन वर्षांत तो साऱ्या संघराज्याच्या सैन्याचा सरसेनापती झाला. सैनिक म्हणून त्याच्यात काय वेगळं होतं, ते त्यानेच सांगितलेल्या एका प्रसंगातून कळतं. १८६१ च्या उन्हाळ्यात मिसूरीत हॅरिस नावाच्या बंडखोर कर्नलच्या तळावर चालून जाण्याचा त्याला हुकूम झाला. स्वतंत्र जबाबदारीची ही पहिलीच वेळ. टेकडीच्या माथ्याकडे पलटण घेऊन चढताना त्याचं काळीज तोंडाशी आलं होतं. मागे वळायला तो काहीही द्यायला तयार होता, फक्त थांबण्याचा हुकूम द्यायचं धैर्य त्याच्यात नव्हतं. माथ्यावरून खाली पाहिलं तर तळाच्या खुणा ताज्या, पण हॅरिस आणि त्याची माणसं पसार. आपण जितके त्याला घाबरलो तितकाच तोही आपल्याला घाबरला होता, हे ग्रँटच्या त्या क्षणी लक्षात आलं आणि नंतर तो ते कधी विसरला नाही. उत्तरेचे एकाहून एक विद्वान सेनापती आपल्यापुढे शत्रूची संख्या दुप्पट-तिप्पट आहे असं मानून महिनोन्‌महिने बसून राहत, त्या काळात ही समज म्हणजे मोठंच भांडवल होतं.

‘कसाई’ या आरोपाचं काय? फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट डोनेल्सनला त्याने विनाअट शरणागती मागितली आणि बारा हजारांहून अधिक सैनिक कैद केले. समोरचा सेनापती होता सायमन बकनर, ग्रँट कफल्लक असताना न्यूयॉर्कमध्ये त्याच्या मदतीला धावलेला जुना मित्र. शायलोला एप्रिलमध्ये तो बेसावध सापडला, पहिल्या दिवशी नदीपर्यंत रेटला गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने मैदान परत घेतलं. दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून तेवीस हजारांवर मृत, जखमी, बेपत्ता. तिथला गाफीलपणा त्याचाच होता, तो कुणाला नाकारता येणार नाही. पण पुढच्या वर्षीची व्हिक्सबर्गची मोहीम पाहावी. मिसिसिपी नदीवरचा तो बळकट किल्ला समोरून घेता येत नाही हे कळल्यावर त्याने रात्री तोफांच्या माऱ्यातून बोटी खाली सोडल्या, किल्ल्याच्या दक्षिणेला नदी ओलांडली, रसदीचा माग जवळजवळ सोडून देऊन मुलखावर गुजराण करत तीन आठवड्यांत पाच लढाया मारल्या आणि शत्रूला गावात कोंडलं. तिथले दोन थेट हल्ले फसले, तेव्हा वेढा आवळत तो बसून राहिला. ४ जुलै १८६३ ला जवळजवळ तीस हजारांची फौज शरण आली. याच्या आदल्याच दिवशी लीने गेटिसबर्गला उघड्या मैदानावरून आपली माणसं तोफांच्या तोंडी दिली होती आणि त्या तीन दिवसांत फौजेचा एक तृतीयांश हिस्सा गमावला होता. लीला कुणी कसाई म्हटलं नाही.

१८६४ च्या मे-जूनमधली व्हर्जिनियाची मोहीम मात्र भयानक होती. सहा आठवड्यांत ग्रँटचे सुमारे पंचावन्न हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. कोल्ड हार्बरचा शेवटचा हल्ला करायला नको होता हे त्याने स्वतःच लिहिलं आहे. पण फौजेच्या प्रमाणात पाहिलं तर लीची हानीही कमी नव्हती, आणि लीकडे नवी भरती उरली नव्हती. त्याआधी तीन वर्षं उत्तरेचा प्रत्येक सेनापती व्हर्जिनियात जाई, मार खाई आणि परत येई. वाइल्डरनेसच्या जंगलात दोन दिवसांच्या कत्तलीनंतर सैनिकांना वाटलं आताही तेच. रात्रीच्या अंधारात रस्त्याच्या फाट्यावर तुकड्या दक्षिणेकडे वळू लागल्या तेव्हा थकल्याभागल्या माणसांनी जल्लोष केला. मरायचं होतं ते त्यांनाच. ज्यांचं रक्त सांडणार होतं त्या लोकांना आपला सेनापती कसाई वाटला नाही, यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

याच वर्षाची आणखी एक गोष्ट, जी ग्रँटवरच्या आरोपपत्रात नेहमी निम्मी सांगितली जाते. युद्धकैद्यांची अदलाबदल त्याने थांबवली आणि त्यामुळे जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या छावणीत उत्तरेचे हजारो सैनिक भुकेने आणि रोगाने मेले, असं म्हणतात. अदलाबदल मुळात मोडली होती ती दक्षिणेने काळ्या सैनिकांना युद्धकैदी मानायला नकार दिला म्हणून. ऑक्टोबर १८६४ मध्ये लीने अदलाबदलीचा प्रस्ताव पाठवला तेव्हा ग्रँटने एकच विचारलं : काळ्या सैनिकांना गोऱ्यांसारखंच वागवणार का? पळून आलेले गुलाम ही मालकांची मालमत्ता आहे, ते या सौद्यात बसत नाहीत, असं लीचं उत्तर आलं. ग्रँटने प्रस्ताव फेटाळला. आपल्या सैन्यात भरती झालेल्या प्रत्येकाचे हक्क राखायला सरकार बांधलेलं आहे, ही त्याची भूमिका. परत गेलेला प्रत्येक बंडखोर पुन्हा बंदूक उचलेल हा लष्करी हिशोबही त्यात होता. तो त्याने लपवलाही नाही. पण लीसारख्या ‘सज्जना’ने माणसाला माल म्हणावं आणि ग्रँटसारख्या ‘कसाया’ने तो शब्द अमान्य करावा, हा प्रसंग त्या दोघांच्या कीर्तीचा हिशोब करताना विसरता येत नाही.

९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्स गावात विल्मर मॅकलिनच्या घरच्या दिवाणखान्यात दोघे भेटले. लीच्या अंगावर नवाकोरा गणवेश, कमरेला शोभेची तलवार. ग्रँट आला तो चिखलाने भरलेल्या बुटांत आणि साध्या शिपायाच्या कोटात. खांद्यावर हुद्द्याच्या पट्ट्या तेवढ्या. मेक्सिकोच्या जुन्या आठवणींत तो इतका रमला की कामाची आठवण लीला करून द्यावी लागली. मग ग्रँटने पेन्सिलीने अटी लिहिल्या, आणि त्यांची शाईतली प्रत काढली एली पार्करने, ग्रँटच्या हाताखालच्या सेनेका जमातीच्या अधिकाऱ्याने. शस्त्रं टाकावीत, पुन्हा न लढण्याचं वचन द्यावं आणि घरी जावं. अधिकाऱ्यांनी आपली पिस्तुलं आणि घोडे ठेवावेत. आमच्या साध्या घोडेस्वारांचे घोडेही त्यांचे स्वतःचेच असतात, असं लीने म्हटल्यावर ग्रँटने विचार केला की ही बहुतेक छोटी शेतकरी माणसं, घोड्याशिवाय यांची पेरणी व्हायची नाही. म्हणून ज्याचा घोडा वा खेचर त्याने तो न्यावा. लीची माणसं कित्येक दिवस भाजलेल्या मक्यावर होती, त्यांच्यासाठी पंचवीस हजार माणसांचा शिधा पाठवला. बातमी फुटताच आपल्या छावणीत विजयाच्या तोफा उडू लागल्या, त्या त्याने बंद करवल्या.

या औदार्याचं कौतुक दक्षिणेनेही भरपूर केलं. पण त्या कागदातलं शेवटचं वाक्य कौतुक करणारे सहसा गाळतात. आपलं वचन आणि आपल्या ठिकाणचे कायदे पाळाल तोवर सरकार तुम्हाला हात लावणार नाही, असं ते वाक्य आहे. म्हणजे माफी सशर्त होती. दोन महिन्यांनी लीवर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला तेव्हा याच वाक्याचा आधार घेऊन ग्रँट राष्ट्राध्यक्ष जॉन्सनपुढे उभा राहिला आणि लीला अटक झाली तर मी राजीनामा देईन म्हणाला. आपल्या बाजूने त्याने करार अक्षरशः पाळला. दुसऱ्या बाजूने १८६६ सालीच मेम्फिस आणि न्यू ऑर्लिन्समध्ये काळ्या वस्त्यांवर आणि सभांवर खुनी हल्ले झाले. ग्रँट बदलला तो या दोन-तीन वर्षांत, लष्करी अहवाल वाचता वाचता. आधी त्याला वाटलं होतं की दक्षिणेने पराभव मनापासून स्वीकारला आहे.

ॲपोमॅटॉक्सचे धक्के आपल्याकडेही बसले. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस लँकेशायरला पोचेनासा झाला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, प्रेमचंद रायचंदच्या शब्दावर बँका आणि समुद्र बुजवायच्या कंपन्या उभ्या राहिल्या. लीच्या शरणागतीनंतर भाव कोसळले, तो सारा डोलारा खाली आला, आणि तेजीच्या भरवशावर कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या दारात अडकला. १८७५ मध्ये सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले त्यामागे ही मंदीही होती. १८७९ च्या फेब्रुवारीत जगप्रवासाला निघालेला माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट मुंबईत उतरला, तो या सगळ्याला चौदा वर्षं होत आल्यावर. पण माझ्या दृष्टीने खरा धागा पुण्यात आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी तोच कित्ता गिरवावा अशी इच्छा त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. त्या वेळी व्हाइट हाउसमध्ये ग्रँट होता. आणि त्याच वर्षी ईस्टरच्या रविवारी, १३ एप्रिलला, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या निकालाचं रक्षण करायला कचेरीत जमलेल्या काळ्या नागरिकांना गोऱ्या टोळ्यांनी वेढलं, इमारतीला आग लावली आणि शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. पुण्यातला द्रष्टा ज्या मुक्तीला आदर्श मानत होता तिचं भवितव्य मिसिसिपीच्या खोऱ्यात रोज पणाला लागत होतं.

ग्रँट १८६८ ची निवडणूक सुमारे तीन लाख मतांनी जिंकला आणि काळ्या मतदारांनी टाकलेली मतं त्याहून जास्त होती. ज्यांनी त्याला निवडून दिलं त्यांना दक्षिणेत मत टाकल्याबद्दल रात्री घरातून ओढून फटके मारले जात, फासावर लटकवलं जाई. १८७० मध्ये वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी करणारी पंधरावी घटनादुरुस्ती झाली. तिच्यासाठी ग्रँटने मुद्दाम काँग्रेसला संदेश पाठवला. त्याच वर्षी केंद्राचं न्याय खातं उभं राहिलं आणि त्याचा प्रमुख झाला एमस अकरमन, जॉर्जियाचा रहिवासी, एके काळी बंडखोरांच्याच बाजूने लढलेला. अकरमनच्या मते कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या टोळीची दहशत हे सरळ सरळ युद्ध होतं.

दक्षिण कॅरोलिनाच्या यॉर्क परगण्याचं उदाहरण घ्यावं. मार्च १८७१ मध्ये तिथे जिम विल्यम्स या काळ्या नागरिक-पथकाच्या कॅप्टनला क्लॅनने घरातून नेलं आणि झाडाला फाशी दिलं. त्याच महिन्यात घोडदळाचा मेजर लुईस मेरिल तिथे आला. सुरुवातीला त्याला वाटलं लोक अतिशयोक्ती करतात. मग तो एकेकाच्या जबान्या घेत बसला : फटके खाल्लेली माणसं, जाळलेल्या शाळा, शेकडो प्रकरणं. स्थानिक कोर्टात काही होणार नव्हतं, कारण शेरीफ आणि ज्युरी त्याच टोळीचे. एप्रिलमध्ये काँग्रेसने क्लॅनविरोधी कायदा केला. ऑक्टोबरमध्ये ग्रँटने दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ परगण्यांत बंदी प्रत्यक्षीकरणाचा हक्क स्थगित केला, घोडदळाने शेकडो अटका केल्या, कित्येक टोळीवाले आपण होऊन हजर झाले, म्होरके परदेशी पळाले. कोलंबिया शहरात केंद्राच्या कोर्टात खटले चालले आणि ज्युरीत काळे नागरिक बसले. कालपर्यंत ज्यांची साक्ष कुणी ऐकत नव्हतं ते आता निकाल देत होते. १८७२ ची निवडणूक दक्षिणेत त्या साऱ्या काळातली सर्वांत शांत झाली आणि क्लॅन मोडून पडली. ती पुन्हा उभी राहिली थेट १९१५ मध्ये.

ज्यांना वाटतं की समाजातलं वर्चस्व कायद्याने आणि दंडाने हलत नाही, मनं बदलावी लागतात, त्यांनी यॉर्क परगण्याचा इतिहास वाचावा. मनं बदलली नव्हती. तरी फटके थांबले. ज्याला फटके बसत होते त्याला आधी तेच हवं होतं. लोकशाही संगिनींच्या जोरावर चालत नाही, हा ग्रँटवरचा त्या वेळचा सर्वांत भारदस्त आक्षेप होता आणि उत्तरेतल्या सुशिक्षित, सुधारक म्हणवणाऱ्या वर्तमानपत्रांनीही तो उचलून धरला. पण संगिनी तिथे आधीपासूनच होत्या. त्या मुखवटे घातलेल्यांच्या हातात होत्या. सरकारी फौज काढून घेणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हतं.

ग्रँटचे दोष खोटे होते असं मला म्हणायचं नाही. डिसेंबर १८६२ मध्ये कापसाच्या चोरट्या व्यापाराचं खापर फोडून त्याने आपल्या हद्दीतल्या सरसकट सगळ्या ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला. लिंकनने तो रद्द केला, आणि ग्रँटला त्याची लाज जन्मभर वाटली. मित्रांवर आंधळा विश्वास हा त्याचा जुना रोग. व्हिस्कीच्या कराची चोरी करणाऱ्या टोळीत त्याचा खाजगी चिटणीसच अडकला, युद्धमंत्री लाच खाताना सापडला. आणि सर्वांत काळा डाग ब्लॅक हिल्सचा. एली पार्करला मूलनिवासी जमातींच्या कारभाराचा आयुक्त नेमणाऱ्या, शांततेचं धोरण जाहीर करणाऱ्या ग्रँटच्याच सरकारने सोनं सापडल्यावर लकोटा जमातीच्या हक्काच्या या डोंगरांत खाणवाल्यांना शिरू दिलं आणि १८७६ चं युद्ध ओढवून घेतलं. एका वंचिताच्या बाजूने उभा राहिलेला माणूस दुसऱ्या वंचिताच्या बाजूने उभा राहतोच असं नाही. पण ग्रँटची शंभर वर्षं जी निंदा झाली ती लकोटांसाठी झाली नाही.

ती निंदा कशी घडली याचा माग स्पष्ट आहे. १८६६ मध्येच रिचमंडचा संपादक एडवर्ड पोलार्ड याने दक्षिणेच्या ‘हरवलेल्या ध्येया’वर ग्रंथ लिहिला. जुबल अर्ली या बंडखोर सेनापतीने व्याख्यानं देत, लेख लिहीत सांगितलं की ली हरला तो फक्त माणसं आणि कारखाने कमी पडले म्हणून, आणि लढा गुलामगिरीसाठी नव्हताच. पुढे कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग आणि त्याच्या शिष्यांनी युद्धानंतरचा हा पुनर्रचनेचा काळ म्हणजे अडाणी काळे आणि लुटारू उत्तरवाले यांचं राज्य, असा इतिहास पांडित्याच्या मुलाम्याने लिहिला. १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाने तो थिएटरात नेला. ग्रँट भ्रष्ट आणि नालायक असल्याशिवाय ही गोष्ट जमत नव्हती. डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांनी १९३५ मध्ये या इतिहासाचे वाभाडे काढले, तर विद्यापीठांनी त्यांच्याकडे तीसेक वर्षं लक्ष दिलं नाही. कोलफॅक्सला १९५० च्या सुमारास सरकारी फलक लागला आणि त्यावर त्या हत्याकांडाचा उल्लेख दक्षिणेतल्या गैरकारभाराचा शेवट असा झाला. तो फलक निघाला २०२१ साली.

ग्रँटचं स्वतःचं शेवटचं काम म्हणजे आत्मचरित्र. १८८४ मध्ये फर्डिनंड वॉर्ड नावाच्या ठग भागीदाराने त्याला पुरतं नागवलं, आणि त्याच वर्षी घशाच्या कर्करोगाचं निदान झालं. बायकोच्या पोटापाण्यासाठी, मार्क ट्वेनच्या प्रकाशनसंस्थेसाठी, आवाज गेल्यावर चिठ्ठ्या लिहून बोलत त्याने दोन खंड पूर्ण केले आणि २३ जुलै १८८५ ला प्राण सोडला. ज्यूलियाला त्यातून साडेचार लाख डॉलरच्या आसपास मिळाले. गद्य लखलखीत, कुठेही फुशारकी नाही. पण त्या पुस्तकात एक मोठी उणीव आहे : ते युद्धाबरोबर संपतं. राष्ट्राध्यक्षपदाची आठ वर्षं त्यात नाहीत. त्या आठ वर्षांची गोष्ट सांगायचं काम मग त्याच्या शत्रूंनी केलं. अंत्ययात्रेत शर्मन आणि शेरिडन या उत्तरेच्या सेनापतींबरोबर बकनर आणि जो जॉन्स्टन या बंडखोर सेनापतींनी खांदा दिला, तेव्हा सगळा देश या समेटाने गहिवरला. समेट गोऱ्यांचा गोऱ्यांशी होता.

ग्रँटची बाजू मांडणाऱ्यांना सर्वांत अवघड जाणारं प्रकरण १८७५ च्या मिसिसिपीचं आहे. तिथल्या निवडणुकीआधी रायफली घेतलेल्या गोऱ्या टोळ्या उघडपणे फिरू लागल्या. मुखवट्यांची आता गरज राहिली नव्हती. सप्टेंबरमध्ये क्लिंटन गावी सभेवर हल्ला झाला आणि पुढचे काही दिवस आसपासच्या काळ्या वस्त्यांत माणसं टिपून मारली गेली. गव्हर्नर ॲडेलबर्ट एम्सने फौज मागितली. १८७३ च्या मंदीने गांजलेली, आधीच्या वर्षी प्रतिनिधीगृहातलं बहुमत विरोधकांना देऊन बसलेली उत्तर या रोजच्या रक्तपाताच्या बातम्यांना कंटाळली होती. साऱ्या देशाच्या खड्या फौजेला पंचवीस हजारांची मर्यादा घालण्यात आली होती. लोक या दरसालच्या दंग्यांना विटले आहेत, असं ग्रँटने आपल्या ॲटर्नी जनरलला कळवलं. त्याच पत्रात गरज पडली तर फौज पाठवायची तयारीही होती. पहिलं वाक्य गव्हर्नरपर्यंत पोचलं, फौज पोचली नाही. याझू परगण्यात काळ्या मतदारांचं बहुमत असताना ग्रँटच्या रिपब्लिकन पक्षाला मतं पडली सात.

निवडणुकीनंतर मिसिसिपीचा खासदार जॉन लिंच, जन्माने गुलाम, ग्रँटला भेटायला गेला आणि त्याने तोंडावर विचारलं की फौज का आली नाही. लिंचने ती भेट पुढे लिहून ठेवली आहे. ग्रँटने सबबी सांगितल्या नाहीत. हुकूम काढायची तयारी झाली होती, पण ओहायोच्या पक्षनेत्यांनी येऊन सांगितलं की मिसिसिपीत फौज गेली तर ऑक्टोबरात ओहायो हातचं जाईल. मिसिसिपी तसंही गेलेलंच आहे, निदान ओहायो तरी राखा. आपण त्यांचं ऐकलं आणि ते ऐकायला नको होतं, असं ग्रँट म्हणाला.

ओहायो राखलं गेलं. गव्हर्नरपदाच्या त्या अटीतटीच्या निवडणुकीत जेमतेम काही हजार मतांनी जो उमेदवार जिंकला त्याचं नाव रदरफर्ड हेज. दीड वर्षाने तोच हेज राष्ट्राध्यक्ष झाला, आणि एप्रिल १८७७ मध्ये त्याने दक्षिण कॅरोलिना आणि लुइझियानाच्या विधानभवनांपाशी पहारा देणारी शेवटची पथकं बराकीत परत पाठवली.